रिपोर्टावरची तारीख

दोन रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवू. दोन्ही चाळिशीतल्या शेतकऱ्यांचे, दोघेही सावंतवाडी तालुक्यातले. दोघांनाही चार-पाच दिवस सणसणून ताप, अंग मोडून आलेलं, डोकं ठणकतंय. दोघांच्याही प्लेटलेट ८०,००० वर उतरलेल्या. शेजारी छापलेली मर्यादा १,५०,००० ते ४,५०,०००. दोन्ही कागदांवर यंत्रानं तो आकडा ठळक केलाय आणि पुढे खाली जाणारा बाण काढलाय. फरक एवढाच, की एका कागदावर तारीख १२ ऑगस्ट आहे आणि दुसऱ्यावर ३ मार्च.

यंत्राला तारखेशी देणंघेणं नाही. या भागात वर्षानुवर्षं ताप बघितलेल्या डॉक्टरला मात्र आहे. ऑगस्टचा कागद हातात आला की त्याची नजर क्रिएटिनिन आणि बिलिरुबिन शोधते, आणि प्रश्न येतो तो लावणीचा, पायाला कुठे चिरलंय का याचा. मार्चचा कागद असला तर तो आधी पांढऱ्या पेशी किती ते बघतो आणि विचारतो, "काजीत जातास मां?"

रक्ताच्या तपासण्यांवर मराठीत बरंच लिहिलं जातं. बहुतेक ठिकाणी एक तक्ता असतो: साखर इतकी ते इतकी, कोलेस्टेरॉल इतक्याच्या आत. तक्ता चुकीचा नसतो, अपुरा असतो. त्यात माणूस नसतो, महिना नसतो, आणि दंडातून निघालेलं रक्त यंत्रात पोहोचेपर्यंत त्याचं काय झालं हेही नसतं. सिंधुदुर्गातल्या तापांच्या निमित्तानं या तिन्ही गोष्टी जवळून बघता येतात.

मार्चचा कागद आधी घेऊ. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडू लागली आणि पाठोपाठ आसपासच्या गावांतली माणसं तापानं अंथरुणाला खिळली. पुण्याचं व्हायरस रिसर्च सेंटर, म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, तेव्हा जेमतेम पाच वर्षांचं होतं. टेल्फर्ड वर्क आणि त्यांचे सहकारी तिथे गेले ते, यलो फीव्हर तर भारतात शिरला नाही ना, ही धास्ती घेऊन. निघाला वेगळाच विषाणू, गोचिडीतून पसरणारा. कित्येक दशकं तो मुख्यतः त्याच टापूत राहिला. मग २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात तो उफाळला, २०१६ च्या सुरुवातीला दोडामार्ग तालुक्यात केरच्या परिसरात, आणि २०१७ मध्ये सावंतवाडी तालुक्यातल्या बांदा भागात. लोकांनी त्याला सरळ माकडताप म्हटलं.

या विषाणूच्या गोचिडीची पिल्लं कोरड्या दिवसांत, साधारण डिसेंबरपासून मेपर्यंत, जंगलातल्या पातेऱ्यात वावरतात. काजूचे दिवस नेमके तेच. बोंडं पातेऱ्यावर गळतात, माणूस वाकून एकेक बी वेचतो. भाजावळीसाठी पातेरा गोळा करायचा तोही याच दिवसांत, जळणाच्या फाट्या आणायच्या त्याही. गोचिडीला याहून सोयीचं वेळापत्रक आखून देता आलं नसतं.

अशा रुग्णाच्या रक्तात काय दिसतं? पांढऱ्या पेशी ४,००० च्या खाली, कधी २,००० च्या आसपास. प्लेटलेट कमी. एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृताची मानली जाणारी एन्झाइम्स वाढलेली. बिलिरुबिन मात्र बहुधा जागेवर, म्हणजे कावीळ नाही. गंमत अशी की डेंगीचंही चित्र बरंचसं असंच असतं. तेव्हा साध्या रक्तावरून माकडताप ठरत नाही. त्यासाठी पहिल्या आठवड्यात पीसीआर लागतं, पुढे आयजीएम. पण पीसीआर कोणाचं करायचं, हे साधं रक्त, कॅलेंडर आणि काजूची बाग मिळून ठरवतात.

हा नुसता अनुभवाचा भाग नाही, त्यात गणित आहे. समजा एखादी चाचणी रोग असलेल्या १०० जणांपैकी ९५ जणांना पकडते आणि रोग नसलेल्या १०० पैकी ९५ जणांना सोडून देते. १,००० तापकऱ्यांत खरे रोगी १० असतील, तर ती नऊ-दहा खरे पकडेल आणि त्यांच्यासोबत सुमारे ५० जणांना उगाच रोगी ठरवेल. त्याच १,००० मध्ये खरे रोगी ३०० असतील, तर २८५ खरे आणि फक्त ३५ खोटे. किट तेच, रसायन तेच, आणि 'पॉझिटिव्ह' या शिक्क्याची किंमत पार बदलली. महिना बदलला की शिक्क्याचा अर्थ बदलतो तो असा. तरीही रिपोर्टावरची तारीख आपण फक्त विम्याच्या कागदपत्रांसाठी बघतो.

आता त्या छापील मर्यादेकडे येऊ. निरोगी माणसांचा एक गट घ्यायचा, त्यांची तपासणी करायची, आलेले आकडे चढत्या क्रमानं मांडायचे, खालचे अडीच टक्के आणि वरचे अडीच टक्के कापून टाकायचे. मधले ९५ टक्के म्हणजे मर्यादा. बहुतेक तपासण्यांची मर्यादा अशीच ठरते. म्हणजे धडधाकट माणसांतल्याही दर वीसांत एकाच्या आकड्याखाली काळी खूण पडणारच. पद्धतच तशी आहे. फिनलंडच्या ग्रेसबेक आणि सारिस यांनी १९६९ मध्येच सुचवलं होतं, की 'नॉर्मल' म्हणणं सोडा, ही केवळ संदर्भासाठीची मूल्यं आहेत. प्रयोगशाळांनी कागदावरचं शीर्षक बदललं. बाहेर बाकावर बसलेला माणूस अजून हेच विचारतो, "सगळा नॉर्मल आसा मां?"

याच्याच जोरावर 'फुल बॉडी चेकअप' चालतं. दिवाळीत तर त्याला सवलतही असते. एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एका निरोगी माणसावर केल्या, तर सगळ्याच्या सगळ्या मर्यादेत येण्याची शक्यता ३६ टक्के. उरलेल्या ६४ टक्के वेळा कुठे ना कुठे खूण पडणारच. प्रत्यक्षात तपासण्या एकमेकींशी थोड्या बांधलेल्या असतात, त्यामुळे आकडा जरा खाली येतो. पण पॅकेजात तपासण्या वीस नसून साठ-सत्तर असतात. मग ती खूण घेऊन माणूस पुढच्या तपासणीला जातो. ज्याला काही होत नाही त्यानं लक्षणाशिवाय सत्तर आकडे विकत घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. साखर, रक्तदाब, पन्नाशीनंतर क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं, बाईचं हिमोग्लोबिन: इतकं वेळेवर झालं तरी खूप झालं.

मर्यादेच्या बाहेरचं सगळं वाईट नसतं, तसं आतलं सगळं चांगलंही नसतं. क्रिएटिनिन घ्या. स्नायूंच्या रोजच्या झिजेतून ते तयार होतं आणि मूत्रपिंडं ते गाळून टाकतात. गाळणं मंदावलं की रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं. म्हणजे आकडा दोन गोष्टींवर ठरतो: मूत्रपिंड किती गाळतं, आणि अंगावर मांस किती आहे. २५ वर्षांच्या, अंगानं भरलेल्या तरुणाचं क्रिएटिनिन १.१ आलं, तर हल्लीच्या सूत्रानुसार त्याची मूत्रपिंडं मिनिटाला सुमारे ९५ मिलिलिटर रक्तद्रव गाळतात. त्याच्या सत्तर वर्षांच्या आजीचंही १.१ च आलं, तर तिची मूत्रपिंडं गाळतात जेमतेम ५४. नातू ठणठणीत आहे. आजीच्या मूत्रपिंडांचं काम बरंच कमी झालंय, आणि गुडघेदुखीसाठी ती मेडिकलमधून आणत असलेली वेदनाशामक गोळी आज थांबवायला हवी. दोघांच्याही कागदांवर खूण नाही. हे सूत्र २०२१ मध्ये सुधारलेलं, पण बसवलंय मुख्यतः अमेरिकेतल्या लोकांवर. आपल्याकडे मांस मुळात कमी असतं. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली लॅन्सेटमध्ये ब्रिटिश मित्र जॉन युडकिन यांच्याबरोबरचा फोटोच छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२. मांस कमी म्हणजे क्रिएटिनिन मुळातच कमी, आणि मूत्रपिंड थकलं तरी ते बराच वेळ मर्यादेच्या आतच वावरतं.

म्हणून एकाच माणसाचा जुना रिपोर्ट छापील मर्यादेपेक्षा जास्त सांगतो. क्रिएटिनिन प्रत्येकाच्या बाबतीत आपापल्या अरुंद पट्ट्यात राहतं. ज्या बाईचं कायम ०.७ असतं, तिचं तापात आठवड्याच्या आत १.१ झालं, तर ते दीडपटीहून जास्त वाढलं. आंतरराष्ट्रीय व्याख्येप्रमाणे मूत्रपिंडाला अचानक बसलेला हा पहिल्या पायरीचा दणका आहे. कागद मात्र कोरा दिसतो. मागच्या वर्षी गर्भपिशवीच्या ऑपरेशनआधी केलेला रिपोर्ट पिशवीत असेल, तरच हे कळणार. ट्रायग्लिसराइडचं उलट: ते त्याच माणसात पाचवा हिस्सा इकडेतिकडे सहज होतं, आणि फराळाच्या ताटावरून उठून आलात तर त्याहूनही जास्त. तिथे १६० चं १८० झालं म्हणून गोळी वाढवून मागण्यात अर्थ नाही.

आखातात किंवा इंग्लंडात मुलं असलेल्या घरांसाठी इथेच एक गोष्ट सांगून टाकतो. लेक रिपोर्टाचा फोटो पाठवते, क्रिएटिनिन ९७. इकडे आईच्या पायाखालची जमीन सरकते. तिकडचं मोजमाप वेगळं असतं, ८८.४ नं भागा, १.१ येतं. साखरेला उलट १८ नं गुणायचं. तिकडची ७ म्हणजे आपली १२६.

आणि ही १२६ कशी मोजली जाते, तेही बघण्यासारखं आहे. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त साखर दोनदा आली की मधुमेह, हे आता घरोघरी माहीत आहे. पण नळीत काढलेल्या रक्तातल्या पेशी जिवंत असतात आणि त्या साखर खात राहतात, खोलीच्या तापमानाला ताशी पाच ते सात टक्के. साध्या नळीत १२८ घेऊन निघालेलं रक्त दोन तासांनी ११३-११४ दाखवेल आणि माणूस मधुमेही नाही असं ठरेल. म्हणून साखरेसाठी राखाडी टोपणाची नळी, तिच्यात फ्लोराइड. तेही लगेच काम करत नाही, पहिला तास-दीड तास पेशी थोडं खाऊन घेतातच. एचबीएवनसीला ही अडचण नाही. त्याची वेगळी आहे. ते तांबड्या पेशींवर चिकटलेली साखर मोजतं, आणि पेशी नेहमीइतकं, म्हणजे साधारण १२० दिवस, जगते हे गृहीत धरतं. लोह कमी असेल तर पेशी जास्त काळ रक्तात राहतात आणि एचबीएवनसी उगाच वर जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षयी आढळल्या. अशा बाईचं एचबीएवनसी ६.६ आलं तर आधी हिमोग्लोबिन बघा, मग मधुमेहाचा शिक्का मारा.

आता ऑगस्टचा कागद.

तरवा काढायचा, चिखल करायचा, दिवसभर पोटरीभर पाण्यात उभं राहून लावणी करायची. बांधाच्या बिळातल्या उंदरांचं आणि गुरांचं मूत त्याच पाण्यात उतरतं, आणि टाचेच्या भेगेतून लेप्टोस्पायरा आत शिरतो. सिंधुदुर्गात या रोगानं माणसं गेली आहेत. म्हणूनच पावसाळ्यात आरोग्य कर्मचारी शेतकऱ्यांना आठवड्याला एकदा डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या देतात. वाडीवर त्याचं नाव नुसतं 'लेप्टो'.

बहुतेकांना तो तापासारखा येतो आणि जातो. काहींना मात्र चौथ्या-पाचव्या दिवशी डोळे पिवळे होतात. पिवळे डोळे दिसले की घरच्यांची धाव काविळीच्या औषधवाल्याकडे. इथे यकृताच्या तपासणीचे आकडे एकत्र वाचले तर चित्र उलगडतं. साध्या विषाणूजन्य काविळीत बिलिरुबिन ६-८ आणि एसजीपीटी हजार-दोन हजार, कारण यकृताच्या पेशी फुटतात. लेप्टोत बिलिरुबिन १५-२० वर गेलेलं असतं आणि एसजीपीटी शंभर-दीडशेवर घुटमळत असतं. यकृत मरत नाही, त्याचा निचरा बिघडतो. एसजीओटी जरा जास्त असतं, कारण ते स्नायूंतूनही येतं आणि लेप्टोत पोटऱ्या अक्षरशः पिळवटतात. त्यात माकडतापासारख्या पांढऱ्या पेशी घसरत नाहीत, बऱ्याचदा वाढतात. प्लेटलेट मात्र तशाच ८०,०००. एकट्या प्लेटलेटवर दोन्ही कागद सारखे दिसत होते ते यामुळे.

जीव घेतात ती मूत्रपिंडं आणि फुप्फुसं. पण लेप्टोतली मूत्रपिंडं फसवतात. क्रिएटिनिन चढत असतं आणि लघवी भरपूर होत असते. "लघवी साफ होतेय" म्हणून घरचे निर्धास्त. त्या लघवीतून पोटॅशियम वाहून जात असतं. मूत्रपिंड बंद पडलं की पोटॅशियम वाढतं, हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य. लेप्टोत ते बरेचदा कमी असतं, आणि कमी पोटॅशियमनं हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

१८८६ साली हायडेलबर्गच्या अ‍ॅडॉल्फ वाइल यांनी ताप, कावीळ आणि मूत्रपिंडाचा बिघाड एकत्र असलेल्या रोगाचं वर्णन छापलं. लेप्टोच्या गंभीर प्रकाराला अजून वाइलचंच नाव आहे. जंतू सापडला तो तीसेक वर्षांनी, जपानमध्ये. त्याच १८८६ साली कोनिग्सबर्गच्या मॅक्स याफे यांना दिसलं, की पिक्रिक आम्लात क्रिएटिनिन मिसळलं की नारिंगी रंग येतो. त्या रंगाची छटा मोजून क्रिएटिनिन काढायची पद्धत स्वस्त आहे, म्हणून तालुक्या-तालुक्यातल्या यंत्रांत अजून तीच वापरतात. तिची एक खोड आहे. बिलिरुबिन फार चढलेलं असेल तर रंगाच्या मोजणीत ते आडवं येतं आणि क्रिएटिनिन खऱ्यापेक्षा कमी भरू शकतं. नव्या यंत्रांत यावर दुरुस्ती असते, सगळ्यांत नसते. म्हणजे वाइलच्या रोग्याला याफेची पद्धत लावली, तर जिथे मूत्रपिंडाचा आकडा सर्वांत खरा हवा, तिथेच तो खोटा दिलासा देऊ शकतो. दोघे एकाच वर्षी छापून आले, आणि त्यांची अशी गाठ कोकणातल्या भातशेतीच्या चिखलात पडते.

पोटॅशियमचीही अशीच तऱ्हा, फक्त इथे दोष रसायनाचा नाही, प्रवासाचा. गावातल्या उपकेंद्रावर किंवा कलेक्शन सेंटरवर रक्त घेतात, ते सावंतवाडीत येतं, काही तपासण्यांसाठी पुढे गोव्याला, कोल्हापूरला, मुंबईला जातं. तांबड्या पेशींच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा वीसपटीहून जास्त असतं. बारीक सुईतून जोरानं ओढलं, नळी हलवली-आपटली, की पेशी फुटतात. सेंट्रिफ्यूजमधून काढलेली नळी उजेडात धरली की वर साचलेलं सीरम फिक्या पिवळ्या रंगाचं दिसायला हवं, गुलाबी दिसलं तर तंत्रज्ञ म्हणतो, "हिमोलाइज झालंय, रिपीट घ्या." हे निदान डोळ्यांना दिसतं. न दिसणारी गोष्ट अशी, की सीरम वेगळं न करता नळी बर्फात ठेवली तर पेशींतले पंप थंडीनं थांबतात आणि एकही पेशी न फुटता पोटॅशियम बाहेर झिरपतं. चांगल्या मनानं, रक्त खराब होऊ नये म्हणून ठेवलेला बर्फ. आणि कधी लाल टोपणाच्या नळीत रक्त कमी पडलं म्हणून कोणी जांभळ्या टोपणातलं थोडं तिच्यात ओततो. जांभळ्या नळीतलं औषध हेच मुळी पोटॅशियमचा क्षार असतं, आणि ते कॅल्शियम बांधून ठेवतं. पोटॅशियम ९ आणि कॅल्शियम ५, आणि रुग्ण समोर बसून चहा पितोय, असा रिपोर्ट आला की समजावं नळ्यांची सरमिसळ झाली.

असला वेडावाकडा आकडा निदान पकडला तरी जातो. घात करतो तो बेताचा आकडा. लेप्टोच्या रुग्णाचं खरं पोटॅशियम २.९ आहे, वाटेत थोडं झिरपलं आणि कागदावर ३.८ उमटलं. मर्यादा ३.५ ते ५.१. खूण नाही, बाण नाही. म्हणून पिवळे डोळे, भरपूर लघवी आणि निर्दोष दिसणारं पोटॅशियम असं त्रिकूट दिसलं की जाणता डॉक्टर रक्त पुन्हा, जवळच्या जवळ तपासतो, ईसीजी काढतो, आणि बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात पाठवायचं ठरलं तर चिठ्ठीत आकड्यांबरोबर रक्त किती वाजता घेतलं तेही लिहितो.

वेळेवर पेनिसिलिन मिळालं, गरज पडली तर डायलिसिस झालं, की रुग्ण सुधारतो आणि आकडे जागेवर येऊ लागतात, पण एका चालीनं नाही. प्लेटलेट आधी वर येतात. क्रिएटिनिन काही दिवसांनी उतरतं. बिलिरुबिन रेंगाळतं. ताप जाऊन दोन आठवडे झाले, भूक परतली, तरी डोळे पिवळेच, आणि घरात कुजबुज सुरू होते, की इंग्रजी औषधानं कावीळ काही हटली नाही. कारण असं, की बिलिरुबिन बरेच दिवस चढलेलं राहिलं की त्यातलं काही रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला कायमचं चिकटतं. त्याला डेल्टा बिलिरुबिन म्हणतात. चिकटलेलं ते लघवीतून गाळलं जात नाही. अल्ब्युमिनबरोबरच राहतं आणि त्याच्याबरोबरच जातं, अडीच-तीन आठवड्यांत निम्मं. म्हणून आधी लघवीचा गडद रंग उजळतो आणि डोळ्यांचा पिवळेपणा त्यानंतर कितीतरी दिवसांनी ओसरतो. लघवी स्वच्छ, क्रिएटिनिन जुन्या पातळीवर आणि डोळे मात्र पिवळे, असा माणूस खरं तर बरा झालेला असतो. तेवढ्या दिवसांत कोणीतरी त्याला काविळीच्या औषधवाल्याकडे नेतंच. तिथली पाळामुळांची मात्रा सात दिवस घेतली, पथ्य पाळलं, डोळे पांढरे झाले, आणि श्रेय त्या मात्रेला जातं.